पांढऱ्या खुंटीचे वाफे

आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिला माणूस. बी.एस्सी. ॲग्री झालो तेव्हा पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात माझ्याआधी कुणी पदवी घेतलेली नव्हती. हे मी आजही सांगतो आणि सांगताना मान खाली घालत नाही. मग पुढचंही तसंच सांगायला हवं. जमेल तितकं सांगतो.

बाहत्तरच्या दुष्काळात मी नगर जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू संशोधन केंद्रावर सहायक होतो. केंद्र म्हणजे माळावरची चाळीसेक एकर जमीन, पत्र्याच्या दोन शेड, तळ गाठलेली विहीर, राहायला चार खोल्या आणि आमचे सर.

सर अमेरिकेत चार वर्षं शिकून आले होते. जमिनीत मुरलेलं पाणी पिकाला किती दिवस पुरतं, हा त्यांचा विषय. येताना त्यांनी ते पाणी मोजायचं एक यंत्र आणलं होतं. त्याची बॅटरी आपल्याकडं मिळत नव्हती, त्यामुळं ते खोक्यातच टेबलाखाली पडून होतं आणि सर त्यावर पाय ठेवून बसत. भेटायला आलेला माणूस हमखास विचारायचा, "साहेब, तिकडनं काय आणलं?" सर पायाखाली बोट दाखवून म्हणायचे, "खोकं!"

पण त्यांनी खरं काय आणलं होतं ते मला दोन वर्षं त्यांच्या हाताखाली काढल्यावर कळलं. आकडा शाईनं लिहायचा. चुकला तर खोडायचा नाही. त्यावर एकच रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही करायची. पान फाडायचं नाही. मोजलं नसेल तर जागा मोकळी सोडायची. ऐकायला हे पोरखेळासारखं वाटेल. पण पावसाच्या रजिस्टरात महिनाअखेरीला बसून एकदम तीस दिवसांचा पाऊस भरणारे कारकून मी डोळ्यांनी पाहिले होते. आणि ती माणसं वाईट नव्हती. मोकळं पान वरच्या साहेबाला दाखवणं म्हणजे बेअदबी, असंच त्यांना वाटायचं.

यंत्र नाही म्हणून सर अडून बसले नाहीत. गिरमिटानं जमिनीतली माती काढायची, ॲल्युमिनियमच्या डबीत भरून तोलायची, वाळवायची, परत तोलायची. जितकं वजन घटलं तितकं पाणी. वाळवायला विजेची भट्टी होती, पण वीज नव्हती. तेव्हा सर मला घेऊन नगरला एका बेकरीवाल्याकडं गेले. पाव काढून झाले की भट्टीत आमच्या डब्या ठेवू द्या, म्हणाले.

बेकरीवाला डबी उघडून बघतच राहिला. "साहेब, पावाच्या जागी माती? दुष्काळ एवढा वाढला का?"

"खायची नाही हो, नुसती वाळवायची."

"मग उन्हात वाळवा की. ते फुकट हाय."

सरांनी त्याला अर्धा तास समजावलं. नंतर तीन दिवस भट्टीच्या तोंडाशी थर्मामीटर घेऊन घाम गाळत बसले आणि पाव काढल्यावर किती वेळानं किती आच उरते ते लिहून घेतलं. अमेरिकेत शिकलेला माणूस पावाच्या भट्टीपुढं बसलाय, म्हणून गल्ली बघायला जमली. मी मात्र मनाशी म्हटलं, हे आपल्याला आलं पाहिजे.

ती संधी त्याच वर्षी आली. अमेरिकेत दोन वर्षं शिकायला जायची एक जागा निघाली. आमच्या केंद्रातून सरांनी माझं नाव धरलं. एक अट अशी होती: उमेदवारानं स्वतः केलेल्या प्रयोगाचा अहवाल अर्जासोबत जायला हवा. दुसरी अट वयाची होती. मी शाळेत दोन वर्षं उशिरा गेलेला, त्यामुळं पुढच्या वर्षी मी त्या अटीबाहेर जाणार होतो. म्हणजे ही पहिली वेळ आणि हीच शेवटची.

हस्ताचा एक पाऊस झाला, तेवढ्यावर आम्ही रब्बी ज्वारी पेरली. बारा वाफे. चार वाफ्यांना पिवळी खुंटी. त्यात ज्वारीच्या ओळींमध्ये तुरीच्या काड्या आणि गवत अंथरायचं. चारांना हिरवी; त्यात गवत अंथरून वर एकदाच मोजून पाणी द्यायचं. राहिलेल्या चारांना पांढरी खुंटी. त्यांना गवतही नाही, पाणीही नाही. कुठला वाफा कुठं, ते सरांच्या टोपीतून चिठ्ठ्या काढून ठरवलं, म्हणजे कुणाला चांगली जमीन मुद्दाम दिली असं व्हायला नको.

"पांढरा वाफा म्हणजे शेतकऱ्याचं आजचं शेत," सर म्हणाले. "तो बिघडला तर बाकीच्या आठांना अर्थ नाही. मग कशाशी ताडून बघणार?"

त्याच महिन्यात आई माझ्याकडं आली. वडील बैलजोडी घेऊन जनावरांच्या छावणीत राहायला गेले होते आणि घराला कुलूप लागलं होतं. बसून खाणं तिला जमणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच सरांना गाठलं आणि रोजावरच्या बायांत नाव घालून घेतलं. माझी आई माझ्याच हाताखाली रोजानं येते, हे मला टोचलं. पण बोललो असतो तर तिनं सगळ्या बायांसमोर माझी खरडपट्टी काढली असती. तिला पाणी वाहायचं काम मिळालं. प्यायचं पाणी भरायचं, भांडी घासायची, कुंड्यांतल्या रोपांना घालायचं.

बायांना आमच्या कामाची गंमत वाटायची. मी डबीतली माती तोलायला बसलो की एक जण म्हणायची, "सोनार बरा बाई, ह्यो तर मातीबी तोलून घेतुया." दुसरी म्हणायची, "आमच्या अंगावरची घ्या की तोलून, बादलीभर निघंल." आई हसायची. पदराआड, पण मोठ्यानं.

हिरव्या खुंट्यांना पाणी द्यायचा दिवस उजाडला. मी हंडे मोजत उभा, आई आणि दोन बाया ओतत होत्या. चार वाफे झाले. आई रिकामा हंडा कमरेवर घेऊन पांढऱ्या खुंटीशी थांबली. तिथल्या ज्वारीच्या पानांच्या सुरळ्या झाल्या होत्या.

"ह्यांचं काय?"

"त्यांना नाही घालायचं."

"मंजी मुद्दाम मारायचं?"

"मारायचं नाही. बघायचं."

"बगायचं? लेकरू उपाशी ठिवायचं आन बगत बसायचं?"

शेजारची बाई म्हणाली, "तुज्या पोराला सायबानं लई शिकीवलंय, बाई." सगळ्या हसल्या, मीही हसलो. नंतर आईला नीट बजावून सांगितलं की पांढऱ्या खुंटीच्या वाफ्यात थेंबही पडता कामा नये, माझं परदेशी जाणं ह्यावर आहे. तिनं मान हलवली. माझ्या मते प्रश्न मिटला होता.

तीन आठवड्यांनी मी परत माती काढली. बेकरीतून डब्या आणून तोलल्या आणि पांढऱ्या वाफ्यांचे आकडे बघून मला वाटलं, डब्यांची अदलाबदल झाली. गवत अंथरलेल्या पिवळ्या वाफ्यांत जेवढं पाणी, जवळपास तेवढंच ह्यांत. दुसऱ्यांदा माती काढली, परत नगरला गेलो, परत आलो. आकडा हलेना. मग वाफ्यात जाऊन बसलो आणि ज्वारीच्या बुडाशी बोट घातलं. वर फुफाटा होता. दोन बोटं खाली माती काळी, गार.

प्रत्येक ताटाच्या बुडाशी हातानं केलेलं लहान आळं होतं आणि त्यावर कोरडी माती पसरून ठेवली होती. पाणी घालून झालं की वर कोरडी माती पसरायची, म्हणजे उन्हानं ते उडत नाही. आमच्या परसात वांग्याच्या रोपांना लहानपणापासून मी हेच बघत आलो होतो. कुणाला विचारायची गरजच नव्हती.

दिवस मावळायला आई चुलीपुढं भाकरी थापत होती. मी दारातूनच विचारलं.

"पांढऱ्यांना पाणी घातलंस?"

"व्हय, घातलं."

"कधीपासून?"

"हिरव्यांना घातलं, त्याच्या दुसऱ्या दिसापून. रोज सकाळी."

"कुठलं पाणी?"

"माज्या आंगुळीचं. भांड्यांचं. हंड्याच्या तळाचं. तुज्या वाटचं न्हाई घेतलं."

"मी काय सांगितलं होतं तुला?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "सांगितलं हुतंस. पन आरं, एका पंगतीत बशीवलेल्याला वाढायचं आन शेजारच्याचं पान रिकामं ठिवायचं, आसलं पाप न्हाई हुत माज्याच्यानं. आन पेरलंय कुनी? तूच न्हवं? तुज्या नावाचं पीक वाळून गेलं तर सायब तुला म्हनंल काय? आता पांढऱ्याचंबी कनीस भरंल, मंग बग शाबासकी देतो का न्हाई."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "तू माझं वाटोळं केलंस."

ती माझ्याकडं बघत राहिली. भाकरी करपल्याचा वास आला तशी तिनं ती उलटली. मग म्हणाली, "बरं, उद्यापून न्हाई घालत." आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

पुढचे दोन दिवस मी कसे काढले ते सांगणं अवघड आहे. आंघोळीचं आणि हंड्याच्या तळाचं ते पाणी. त्या दुष्काळात तीन आठवडे माझ्या आईनं अंगावर पाणी घेतलं नव्हतं, ह्याचा विचार माझ्या मनात तेव्हा आलाच नाही. मला फक्त अर्जाची तारीख दिसत होती. नवा प्रयोग लावायला पाऊस नाही, वेळ नाही, आणि माझं वय थांबणारं नाही. खरे आकडे पाठवावेत, तर गवत अंथरून काहीच उपयोग होत नाही, असा त्यांचा अर्थ निघणार. आणि उपयोग होतो हे मला पक्कं ठाऊक होतं. पाणी पडलं हे लिहून पाठवावं, तर प्रयोगच रद्द.

तिसऱ्या दिवशी मी वही उघडली. पाणी पडायच्या आधी आम्ही दोनदा मोजलं होतं. त्या दोन आकड्यांवरून पुढं पांढऱ्या वाफ्यांत किती उरलं असतं, ते मी हिशोबानं काढलं आणि मोकळ्या सोडलेल्या चारही जागी भरलं. शाईनं. माझं म्हणणं असं, की मी शेताबद्दल खोटं लिहीत नाहीये. शेतात असंच झालं असतं. फक्त मोजलंय हे खोटं. एवढ्याशा फटीतून मी अमेरिकेला निघालो होतो. अहवाल लिहिला. तक्ता असा सुरेख उतरला, की स्वतःच्या अक्षराकडं बघून मला बरं वाटलं.

सरांनी तो सकाळी वाचला. चेहरा खुलला. "हे पाठवण्यासारखं झालंय," म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं. मग टोपण परत लावलं. "चल, वाफे बघून येऊ. बघितल्याशिवाय मी सही करत नाही, तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. घाईत विसरलो होतो.

वाटेत मी दोनदा बोलायला तोंड उघडलं. काय बोललो असतो, आपणहून कबूल केलं असतं की काही थाप मारली असती, हे मला आजही सांगता येत नाही. ती वेळच आली नाही. वाफ्यांच्या कडेला बाया खुरपत होत्या. आईनं सरांना पाहिलं, पदर सारखा केला आणि उठून पुढं आली.

"सायब, बगा की! पांढऱ्यालाबी कसं त्याज आलंय!"

सर वाकून बघत राहिले. पानं उलगडलेली होती. अहवालात मी लिहिलं होतं की ती वाळत चालली आहेत.

"पाणी कुणी घातलं, मावशी?"

"मीच की. दुसरं कोन घालतंय?"

सरांनी बुडाची माती चिमटीत घेतली, पुन्हा जागेवर ठेवली. "रोपं चांगली जगवलीत," म्हणाले आणि माझ्याकडं न बघता शेडकडं चालू लागले. आईनं मागून मला हातानं खूण केली, बघ, मी म्हटलं नव्हतं?

शेडमध्ये त्यांनी वही माझ्यापुढं सरकवली. दोन वर्षं मला अरे-तुरे करणारा माणूस. म्हणाले, "हे आकडे तुम्ही कुठून आणलेत?"

"आधीच्या मोजण्यांवरून काढले, सर."

"म्हणजे डोक्यातून."

मी पान फाडायला हात पुढं केला. त्यांनी माझं मनगट धरलं. "फाडायचं नाही. रेघ मारा. एकच."

चार आकडे, चार रेघा, चार सह्या. खालचं सगळं स्वच्छ वाचता येत होतं. मग त्याखाली त्यांनी मला लिहायला लावलं, की पांढऱ्या खुंटीच्या चारही वाफ्यांना पाणी दिलं गेलं, सबब तुलना शक्य नाही. कुणी दिलं ते लिहू का, म्हणून विचारलं. "नको. त्या बाईनं काही लपवलेलं नाही. लपवलंत ते तुम्ही."

मी हात जोडले. ह्याआधी मी कुणापुढं हात जोडले नव्हते, नंतरही नाहीत. "सर, पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही. आमच्या अख्ख्या गावात माझ्याशिवाय..."

"माहीत आहे."

"एकदा सांभाळून घ्या."

त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. मग बोलले ते माझ्याशी होतं की नाही कोण जाणे. "मी परत आलो तेव्हा लोकांना वाटलं, आता शास्त्र आलं. एक माणूस शिकून आला म्हणजे एक माणूसच शिकलेला असतो. दुसरा असेल तर तो पहिल्याची चूक काढतो, मग पहिला दुसऱ्याची. शास्त्र तिथून सुरू होतं. दोन वर्षं मी इथं जे लिहितोय त्यात चूक असली तर ती ओळखणारा ह्या जिल्ह्यात कोणी नाही. मलाही ती दिसत नाही. भीती वाटते मला त्याची. तो दुसरा माणूस तू व्हायचास, म्हणून तुला धाडत होतो." पुन्हा ‘तू’ म्हणाले, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता.

अर्ज गेला. सोबत खरं पान गेलं. शिफारशीत सरांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या: ह्याला मोजता येतं, आणि ह्यानं एकदा न मोजता लिहिलं. टपालात टाकण्याआधी त्यांनी ते पत्र मला वाचायला दिलं. मी वाचलं आणि पाकिटाला डिंक लावला.

पुढचं आधीच सांगून टाकतो. दोन वर्षांनी सरांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांनी डब्या भांडारात ठेवायला सांगितल्या. मी त्या मागून घेतल्या आणि बरीच वर्षं माती मोजत राहिलो. रेघा मारत राहिलो. बदलून येणाऱ्या प्रत्येक साहेबापुढं वही ठेवायचो; ते शेवटचं पान उलटून खाली सही करायचे. माझे आकडे बरोबर होते असं मला वाटतं. वाटतं, एवढंच म्हणता येईल.

उत्तर आलं ते शिमग्याच्या आसपास. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एकाची निवड झाली होती. मी कागद घडी करून खिशात ठेवला. आई डोक्यावर हंडा घेऊन शेडच्या दारात उभी राहिली. त्या संध्याकाळनंतर आम्ही दोघं त्या विषयावर बोललो नव्हतो. वाटोळं केलंस म्हणजे नेमकं काय, हे तिनं विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

"कागद आला म्हनं?"

"आला."

"कवा जायाचं मंग?"

"जायचं नाही. दुसऱ्याला घेतलं."

तिनं हंडा खाली उतरवला. माझ्या तोंडाकडं नीट निरखून बघितलं. मला वाटलं आता तिला कळेल, आता ती विचारेल, आणि मी सांगून टाकीन. पण तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. तिनं दोन्ही हातांनी माझ्या तोंडावरून बोटं फिरवली आणि आपल्या कानशिलावर मोडली.

"बरं झालं रं बाबा. माजा जीव नुसता टांगनीला लागला हुता. येवढ्या लांब, कोन हाय तिकडं आपलं?"

हंडा तिथंच टाकून ती बायांकडं गेली. विहिरीकडून तिचा आवाज ऐकू आला, सगळ्या माळाला ऐकू जाईल असा: "न्हाई जात गं माजा ल्योक! न्हाई जात!" बायांनी तिला काहीतरी चिडवलं आणि हसण्याचा एकच कल्ला उठला.

सर टेबलाशी लिहीत बसले होते. त्यांचं पेन थांबलं. त्यांनी मान वर केली नाही, आणि मीही तिथून हललो नाही.